बोटभर चीर

आमच्या डाळ मिलला पन्नास वर्षं झाली म्हणून मालकांनी गुळगुळीत कागदाचं एक पुस्तक काढलं. जुन्या हमालांच्या घरी एकेक प्रत आणि पेढ्यांचा पुडा आला. पेढे नातवंडांनी संपवले, पुस्तक माझ्या वाट्याला आलं. मला वाचायला वेळ लागतो. ओळीखाली बोट धरावं लागतं. पण वाचलं तर मी पुरं वाचतो, शब्द गाळत नाही. त्या पुस्तकात मिलच्या नव्या चिन्हाचा मोठा रंगीत फोटो आहे आणि खाली लिहिलं आहे की याच्या आधी मिलला स्वतःचं असं चिन्ह नव्हतं.

ते पान मी तीनदा वाचलं. चिन्ह होतं. मी मिलमध्ये लागलो त्या वर्षी ते आलं आणि माझे केस पिकेपर्यंत होतं. दिगांबर तायडे पेंटरनं ते काढलं होतं, माझ्या डोळ्यांदेखत. खोटं दिसलं की जाऊन भांडायचं हा माझा स्वभाव आहे, गावात विचारा. पण या एका गोष्टीसाठी मी मिलच्या फाटकात जाणार नाही. बोलायची वेळ होती तेव्हा मी बोललो होतो. काय बोललो ते पुढं येईलच. आधी पेंटर कसा होता ते सांगतो.

पेंटर पिंपळगाव राजाचा. तिथून सायकलनं आमच्या खामगावला यायचा. सायकलच्या दांडीला बांबूची शिडी बांधलेली, मागे रंगाचे डबे, आणि अंगात पांढराशुभ्र सदरा. रंगाचं काम करणारा माणूस आणि पांढरा सदरा. लोक हसायचे. पण त्या सदऱ्यावर मी कधी एक ठिपका पाहिला नाही. म्हणायचा, "रंग भिताडाले लावाले घेतला हाय, अंगाले लावाले नाई." माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा होता, पण आमची बोली अरे-तुरेचीच होती.

खिशात खिळा आणि सुतळी. खिळा रोवायचा, सुतळी ताणायची, गोल काढायचा. तसं पाहिलं तर त्याला त्याची गरज नव्हती. कोपर भिंतीला टेकवून, श्वास धरून, एका दमात तो हातानंच गोल ओढायचा. मग सुतळी लावून तपासायचा. कुठं तांदळाएवढा फरक निघाला तर पुसून पुन्हा काढायचा. "गोल असा मिळाला पाह्यजे," म्हणायचा, "का सुरवात कुठून केली ते कोनाले समजू नाई."

त्याची बायको शांताबाई मोठी विनोदी होती. मी त्यांच्या घरी पहिल्यांदा जेवलो तेव्हा ताटात भाकर वाढताना म्हणाली, "भाऊजी, तुम्ही निवांत जेवा. आमचे हे आधी भाकरीकडं एक डोळा मिटून पाह्यतात. वाकडी असली तं जेवतात, पण कुठं वाकडी झाली ते बोटानं दाखवून मग जेवतात." पेंटर खाली मान घालून जेवत होता. एक डोळा मिटलेलाच होता.

एक डोळा मिटून पाहायची ती खोड त्याला माणसांच्या बाबतीतही होती. समोरचा माणूस बोलत असायचा आणि हा त्याचा आकार शोधत असायचा. मिलचे मोठे शेठ त्रिकोण. शांताबाई गोल. मला तो चौकोन म्हणायचा. मी म्हटलं, काऊन बे, चौकोन काऊन? तर म्हणे, "उभा ठेवला तं उभा राहते, आडवा ठेवला तं आडवा राहते, पन गडगडत नाई. तुले कोनी ढकललं तं तू घासत जाशीन, पन गडगडनार नाई." तेव्हापासून मी त्याच्यासाठी चौकोन. सुपडा हे माझं नाव त्यानं पुन्हा फारसं घेतलं नाही.

आता मार्क्याची गोष्ट. पोत्यावर जे चिन्ह मारतात त्याला आम्ही मार्का म्हणतो. मिल नवी होती. मोठ्या शेठनी पेंटरला बोलावलं आणि सांगितलं, "लक्ष्मी काढ. कमळावर बसलेली. दोन बाजूंना दोन हत्ती, सोंडा वर."

पेंटर म्हणाला, "काढतो शेठजी. फक्त एक सांगा. थप्पी लावताना हमाल पोत्यावर पाय देते का नाई?"

"देतो."

"दुपारी पोत्यावर बसून बिडी पेते का नाई?"

शेठ गप्प बसले. मी तेव्हा तिथं तुरीच्या ढिगाजवळ पोतं शिवत होतो, आणि सकाळपासून दोन बिड्या त्याच पोत्यावर बसून ओढल्या होत्या. मीही गप्प बसलो.

पेंटरनं ढिगातला तुरीचा एक दाणा उचलला, दाताखाली धरून फोडला आणि दोन फाकी तळहातावर ठेवल्या. "तुमी इथं काय करता, शेठजी?"

"डाळ करतो. माहीत नाही काय तुला?"

"म्हनजे एका दान्याचे दोन करता. झालं तं मग." आणि त्यानं खडूनं जमिनीवर एक गोल ओढला, मधोमध बोटभर रुंदीची उभी चीर पुसली. दोन अर्धे गोल, समोरासमोर, मधे बोटभर वाट. बस.

शेठ बराच वेळ पाहत राहिले. "एवढंच?"

"एवढंच."

"हे तर कोणीबी काढेल."

"त्याच्यासाठीच तं काढलं," पेंटर म्हणाला आणि मला हाक मारली. "ए, इकडे ये. हे पाह्य. पाह्यलं?" त्यानं पायानं खडू पुसून टाकला. "आता काढ. हातानं नाई, पायाच्या अंगठ्यानं. त्या धुळीत."

मी काढलं. दोन वाकड्यातिकड्या फाकी आणि मधे चीर. शेठनी वाकून पाहिलं. ओळखू येत होतं.

"जो मार्का पायाच्या अंगठ्यानं धुळीत निघत नाई," पेंटर म्हणाला, "तो मार्का नोहे."

हे त्याचं वाक्य. पुढं ते मी त्याच्या तोंडून शंभर वेळा ऐकलं असेल.

कारागिरीची एक गोष्ट सांगतो, कारण ती कोणी सांगणार नाही. पोत्यावर मार्का मारायला पत्र्यातून आकार कापतात आणि तो पत्रा पोत्यावर धरून वरून शाईचा बोळा फिरवतात. पत्र्यातून गोल कडं कापलं तर मधलं पोट सुटून खाली पडतं. म्हणून बाकीच्या मिलांच्या मार्क्यांत मधेमधे पत्र्याचे पूल सोडलेले असायचे, आणि छापल्यावर ते तुटलेले दिसायचे. पेंटरच्या मार्क्याला पूल लागतच नव्हता. दोन फाकी कापल्या की मधली चीर हाच पत्रा. तुटका नाही, जोडलेला नाही. तूर असली तर काळी शाई, हरभऱ्याला लाल, मुगाला हिरवी. मालधक्क्यावर दहा मिलांचा माल एका ठिकाणी पडलेला असायचा, धूळ अशी की शेजारचा माणूस दिसू नये, पाठीवर पोतं, मान खाली. त्या अवस्थेत डोळ्याच्या कोपऱ्यातून फक्त आकार दिसतो आणि रंग दिसतो. आम्ही अकरा हमाल होतो. आमचं पोतं कधी रेल्वेच्या दुसऱ्याच वाघिणीत, म्हणजे मालडब्यात, चढलं नाही.

शेगावच्या लॉजचा किस्सा तो स्वतः सांगायचा. तिथं दर्शनाला कुठकुठून लोक येतात, सगळ्यांना मराठी वाचता येतं असं नाही. एका लॉजवाल्यानं सांगितलं, पाटी अशी काढ की कोणालाही समजलं पाहिजे इथं झोपायला मिळतं. पेंटरनं एक गोल काढला आणि त्याच्या पुढं एक आडवी रेघ. डोकं आणि देह. लॉजवाला बाहेर उभा राहून पाहत होता, तेवढ्यात एक म्हातारा यात्रेकरू आला, पाटीकडं पाहिलं आणि हात जोडून विचारतो, "कोन गेलं हो?"

लॉजवाला पेंटरवर ओरडला. पेंटर शांतपणे शिडी चढला आणि गोलाखाली एक छोटा चौकोन काढला. "ही उशी," म्हणाला. "उशी देली का मानूस जित्ता झाला."

त्या पाटीखाली माणसं वर्षानुवर्षं झोपली. नंतर फ्लेक्स आले. लॉजवाल्याच्या मुलानं पाटी काढून तिथं स्वतःचा फोटो लावला, काळा चष्मा घातलेला. पेंटर एकदा ते पाहून आला आणि मला म्हणाला, "आता तिथं झोपा का त्याच्या पाया पडा, काईच समजत नाई."

पण सोपं म्हणजे कसंही, असं त्याचं नव्हतं. त्यांच्या वस्तीतल्या विहाराच्या भिंतीवर त्यानं चक्र काढलं होतं, चोवीस आऱ्यांचं. तीन दिवस लागले. सुतळीनं, खिळ्यानं, एकेक आरी मोजून. मी चेष्टेनं म्हटलं, पेंटर, हे अंगठ्यानं निघते का रे? तो हसला नाही. म्हणाला, "हे काई इकाले नाई काढलं. जे इकाचं ते सोपं पाह्यजे. हे शिकाचं हाय, याले मेहनत लागली पाह्यजे."

शिकायचं निघालं म्हणून सांगतो. मी दुसरीतून शाळा सोडली. पस्तीस वर्षांचा होईतो सहीच्या जागी अंगठा. दुपारच्या सुट्टीत पेंटर मार्क्यांना शाई करत बसायचा आणि मी भाकर खात बसायचो. एक दिवस त्यानं विचारलं, "चौकोन, तुले आकार समजते. मंग अक्षर काऊन नाई समजत?"

मी म्हटलं, "अक्षर येगळं, आकार येगळा."

"कोन म्हनते येगळा?" त्यानं धुळीत काडीनं एक उभी रेघ ओढली. "ही काठी. काठीले डाव्या अंगानं गोल लटकवला. हा झाला व. त्याच गोलाच्या पोटातून तिरपी रेघ मार. झाला ब. अर्धा गोल, तोंड उघडं, तो ट. तोंड मिटलं का ठ. काठ्या, गोल अन् रेघा. हजार वर्षाच्या पोथ्या लिवल्या लोकायनं, त्याच्यात याच्याबाहेरचं काई नाई."

मला हसू आलं. मग हसू थांबलं, कारण खरंच तसं होतं. मास्तरानं छडी मारून जे शिरलं नव्हतं ते त्यानं दोन पावसाळ्यांत शिकवलं. प शिकवला तेव्हा त्याच्या पोटात रेघ मारून ष काढला आणि म्हणाला, "हा कमी लागते, पन वळख ठेव." पगाराच्या रजिस्टरवर मी पहिल्यांदा सही केली तेव्हा तो ऑफिसच्या खिडकीबाहेर उभा होता. एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाला, "ड जरा वाकडा झाला." त्या दिवशी मी घरी जाताना वाटेतली प्रत्येक पाटी वाचली. बायको म्हणाली, आज उशीर काऊन झाला. मी सांगितलं नाही.

बाकीच्या दहा हमालांना कोणालाच वाचता येत नव्हतं. मी त्यांना शिकवायला पाहिजे होतं. नाही शिकवलं. माझ्याकडं एक गोष्ट जास्त आहे, याचंच मला सुख होतं.

हळूहळू पेंटरची भिंतींवरची कामं गेली. शाळेच्या भिंतीवर नवा रंग लागला, किराणा दुकानांवर कंपन्यांनी फुकट पाट्या दिल्या, पिठाच्या गिरणीवर त्यानं काढलेला त्रिकोण आणि जातं गिरणी बंद पडल्यावर पुसलं गेलं. तो सायकलनं जाता-येता मोजत असायचा, काय उरलं. एक दिवस चहा पिताना म्हणाला, "चौकोन, आता एकच हाय. तुमचा मार्का. तेवढा राह्यला तं समजीन का मी काई काम केलं." आणि चहा बशीत ओतून बशीच्या गोलाकडं पाहत बसला.

मग मोठे शेठ वारले आणि धाकटे शेठ गादीवर आले. पुण्यात शिकलेले. कोरोनाच्या आधी दोन-तीन वर्षांची गोष्ट. त्यांनी नवं चिन्ह करायला पुण्याहून एक मुलगी बोलावली. वाईट नव्हती पोरगी. गोदामात आली, धुळीत वाकून जुन्या पोत्यांवरच्या मार्क्याचे मोबाइलवर फोटो काढले आणि विचारलं, हे कोणी केलं? पेंटर तिथंच शाई मिसळत होता. ती त्याच्याजवळ खाली बसली आणि तासभर बोलली. त्यानं तिलाही धुळीत अंगठ्यानं मार्का काढायला लावला. तिनं बूट काढून काढला. त्या दिवशी पेंटरची चाल वेगळी होती.

चार दिवसांनी ऑफिसात बैठक बसली. टेबलावर नवी प्लास्टिकची पिशवी पसरलेली. तिच्यावर हिरवं पान, पानाच्या मागून उगवता सूर्य, सूर्यात शेत, शेतात माणूस, सगळं एकात एक विरघळलेलं. पेंटरला कोणी बोलावलं नव्हतं. तो मार्क्याचा पत्रा बगलेत धरून दारात उभा होता. मी चहाची किटली घेऊन आत गेलो होतो, म्हणून मी सगळं ऐकलं.

ती मुलगी म्हणत होती, "सर, तुम्ही सांगितलं म्हणून मी हे केलं. पण मला अजून वाटतं, जुनंच थोडं नीट करून ठेवावं. आम्हाला कॉलेजात हेच शिकवतात, साधा आकार लक्षात राहतो. इतका चांगला आकार तुमच्याकडे आधीपासून आहे."

धाकटे शेठ म्हणाले, "साधा आहे हो, पण गावठी वाटतो. आता मॉलमध्ये माल ठेवायचा आहे."

पेंटर दारातून म्हणाला, "मॉलमधी तुमचं पान ठेवा, शेठ. पन पोत्यावर मार्का राहू द्या. धुळीत, पाठीवर वझं घेऊन, हमाल काय पान पाह्यत बसनार हाय? त्याले आकार लागते."

"आणि नाव लिहिलेलं असतं ना पिशवीवर. तूर, हरभरा, मूग. ते वाचतील," शेठ म्हणाले.

"हमालाले विचारा."

मुलगी लगेच म्हणाली, "हो सर, विचारू या. त्यांना लागत असेल तर पोत्यावर जुनंच ठेवू. तेवढं तरी मान्य करा."

शेठनी खांदे उडवले. "ठीक आहे. लागत असेल तर ठेवू." आणि माझ्याकडं वळले. पेंटरही माझ्याकडं वळला. त्याच्या तोंडावर काळजी नव्हती. त्याला वाटलं असेल, चौकोन आहे, गडगडणार नाही.

शेठ म्हणाले, "बाबा, हा गोल नसला तर पोतं ओळखायला अडचण होईल का? तुम्हा लोकांना वाचता येत नसेल तर तसं सांगा. लाजायचं कारण नाही."

मागं टेबलाशी हिशेबाची पोरगी बसायची. ती तोंडावर रुमाल धरून हसली. कदाचित दुसऱ्याच गोष्टीला हसली असेल. मला आजही माहीत नाही.

मी किटली खाली ठेवली. "कोन म्हनते वाचता येत नाई?" आणि ती पिशवी दोन्ही हातांनी उचलून वाचायला लागलो. "निवडक तूर डाळ. पॉलिश न केलेली. कोरड्या व थंड जागी ठेवावी. लहान मुलांच्या..." एकेक अक्षर. आवाज चढवून. खालची बारीक अक्षरंसुद्धा. वाचून झाल्यावर पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "आमा सगळ्यायले वाचता येते. गोल नसला तरी चालते."

शेठ म्हणाले, "बघा." त्या मुलीनं मान खाली घातली.

मी दाराकडं पाहिलं. पेंटर माझ्याकडं पाहत होता, दोन्ही डोळे उघडे ठेवून. तो हळूच म्हणाला, "बराबर वाचलं." आणि पत्रा बगलेत नीट धरून निघून गेला.

तो रागानं बोलला नव्हता. मास्तर जसं म्हणतो, तसं बोलला होता. रागानं बोलला असता तर मी उलट बोललो असतो आणि तिथंच मिटलं असतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. नव्या पिशव्या आल्या, आणि पोतीही त्याच छापाची आली. सगळ्या डाळींना एकच पान आणि एकच सूर्य, डाळीचं नाव खाली बारीक. सातव्या-आठव्या दिवशी गुलाबराव म्हणून आमच्यातला सगळ्यात जुना हमाल होता, त्यानं हरभऱ्याची अर्धी थप्पी तुरीच्या ट्रकात चढवली. शेठनी विचारलं, वाचता येतं म्हणाला होतात ना? गुलाबरावनं माझ्याकडं पाहिलं. मी ट्रकाकडं पाहिलं. त्याला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. बाकीचे मला विचारून पोती उचलायला लागले. सुपडाभाऊ, हे काय हाय? सुपडाभाऊ, हे कुठं टाकू? एकटा किती वाचणार. मग वर्षाभरात पोती वाहणारं पट्ट्याचं मशीन आलं आणि आम्हा सगळ्यांनाच घरी पाठवलं, वाचणाऱ्यालाही.

पेंटर पुन्हा मिलकडं आला नाही. मीही पिंपळगावला गेलो नाही. बस तिथूनच जायची, मी उतरत नव्हतो. शांताबाई गेल्याचं कळलं तेव्हा गेलो नाही. त्याला काचबिंदू झाला आणि नजर गेली, हे कळलं तेव्हाही गेलो नाही. चौकोनाचं असंच असतं.

गेल्या उन्हाळ्यात गेलो. म्हटलं, आपलंही काही खरं नाही, एकदा तोंडानं सांगून टाकावं.

टिनाचं घर, सारवलेली जमीन. पेंटर भिंतीला टेकून खाली बसला होता, पाय पसरून. सदरा पांढराच होता, पण त्यावर भाजीचे डाग होते. ते पाहून मला बसवेना. सून म्हणाली, बाबा, कोणी आलं. मी काही बोललो नव्हतो, नुसता खाकरलो.

"चौकोन आला का?" तो म्हणाला.

मी बसलो. सुनेनं चहा दिला. इकडची तिकडची गोष्ट झाली. गुलाबराव कसा आहे, त्यानं विचारलं. मी म्हटलं, वारला. मग मी सांगितलं. "पेंटर, त्या दिवशी मी खोटं बोललो. सगळ्यायले वाचता येत नव्हतं. मले एकट्याले येत होतं. मी हो म्हटलं असतं तं तुहा मार्का राह्यला असता."

त्यानं बशी चाचपून खाली ठेवली. मग म्हणाला, "मले मालूम होतं. सगळ्यायले येत असतं तं मीच शिकवलं असतं ना."

"मंग तिथं बोलला काऊन नाई?"

"तू वाचून राह्यला होता," तो म्हणाला. "मधी कसा बोलू?"

चहा थंड झाला. तेवढ्यात त्यानं मान वर केली, दिसत असल्यासारखी. "बारा वाजले का रे? पाह्य बरं, खाली पडलं का?"

मी वर पाहिलं. चुलीच्या धुरासाठी टिनात भोक पाडलं होतं आणि त्यावर मार्क्याचा तो पत्रा ठोकून बसवला होता. दोन फाकींतून ऊन येत होतं. जमिनीवर त्याच्या पायाजवळ उजेड पडला होता. पण एवढ्या उंचीवरून येताना उजेडाच्या कडा फुगल्या होत्या, दोन्ही फाकी एकमेकींत मिसळल्या होत्या. खाली नुसता एक गोल होता. मधली वाट बुजून गेली होती.

"पडलं," मी म्हटलं.

"चीर दिसते का?"

मी त्याच्याकडं पाहिलं. "दिसते."

"खोटा," तो म्हणाला. "इतक्या वरून नाई दिसत. नजर होती तेव्हा मी रोज पाह्यलं हाय. नुसता गोल पडते. गोल तं कोनाचाबी राह्यते. मार्का चिरेत होता."

मग पावसापाण्याचं, पोराबाळांचं बोलणं निघालं आणि अर्धा तास गेला. मी उठलो. सुनेला सांगितलं, येतो म्हणून. चपला घालताना वळून पाहिलं.

तो उजव्या पायाचा अंगठा जमिनीवर फिरवत होता. गोलाला चीर पाडत होता, वरून खाली, सरळ, एका दमात, श्वास धरून. रेघ सुरेख आली होती. पण आम्ही बोलत होतो तेवढ्या वेळात ऊन सरकलं होतं. उजेडाचा गोल वीतभर पुढं निघून गेला होता, आणि चीर मागं, कोऱ्या जमिनीवर, एकटी पडली होती.

सांगावं असं वाटलं. नाही सांगितलं. बस यायची वेळ झाली होती.